सगळ्यांच्या शब्दांचं फोल्डर

रोशनी मारबते माझी विद्यार्थिनी. चौथीपर्यंत मी तिला शिकवलं. पुढे नागभीडला हायस्कूल, चंद्रपूरला इंजिनिअरिंग आणि तिथून थेट पुणे. तिचे वडील मनसाराम आमच्या खैरीटोल्याच्या तलावात जाळं टाकतात, आई कुंताबाई मासोळ्यांची टोपली घेऊन आजूबाजूच्या गावांत फिरते. पोरगी पुण्यात काय करते असं कोणी विचारलं की कुंताबाईचं उत्तर ठरलेलं असायचं.

"कंप्युटरमधी सामान लावून देते."

ऐकणाऱ्याला वाटायचं, असेल कुठल्या तरी दुकानात कामाला. मलाही तसंच वाटलं होतं. एका दिवाळीत रोशनी घरी आली तेव्हा मी तिला विचारलंच. ती हसली.

"आई बरोबरच सांगते गुरुजी. प्रोग्राम लिवनारे दुसरे असतात. मी तो बांधतो, म्हंजे वेगवेगळ्या मशिनीवर चालंल असा तयार करतो. अन बसवतानी त्याचं काय कुठी जाईल ते ठरवतो. चालनारा भाग एकीकडे, कधी न बदलनाऱ्या फायली दुसरीकडे, रोज बदलनाऱ्या तिसरीकडे."

"एवढ्यासाठी पगार देतात?"

"जागा चुकली तं आज काई होत नाई, गुरुजी. कधी तरी होते. तेव्हा लय होते."

आमच्याकडे मुलीही स्वतःबद्दल 'करतो, जातो' असंच बोलतात. पुण्यात पहिल्या वर्षी तिला त्यावरून खूप हसले म्हणे. तिने बोलणं बदललं नाही. तिथल्या लोकांनाच सवय झाली.

गंमत म्हणजे घरात हिला स्वतःचा चष्मा कधी सापडला नाही. चार्जर चुलीजवळ, वही मनसारामच्या जाळ्याखाली, चपलांचा एक जोड अंगणात तर दुसरा कुणाच्या तरी दारात. कुंताबाई दिवसभर मागे मागे उचलत फिरायची आणि म्हणायची, "जगाचं सामान लावते बाप्पा, अन माह्या घरचं कोन लावंल?"

करोनात पुण्याचं ऑफिस बंद झालं, तशी रोशनी घरी आली ती राहूनच गेली. कंपनीला घरून काम चालत होतं. गावात नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धड मिळायचं, म्हणून मनसारामने तिथे बांबूचा मांडव घालून दिला. वर पळसाची पानं, खाली बाज. सकाळी जाळी घेऊन निघालेले ढिवर मोहल्ल्यातले लोक तिला विचारत जायचे, "काय व, लागली का ड्युटीवर?" ती मान न वळवता हात वर करायची.

त्याच सुमारास आमच्या वाचनालयात कंप्युटर आले. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली. निवृत्त झाल्यापासून मीच ती सांभाळतो. पहिला कंप्युटर नागभीडच्या एका पतसंस्थेने टाकून दिलेला. बराच जुना, सुरू होताना ट्रॅक्टरसारखा आवाज करायचा. दुसरा गुणवंतरावांनी दिला. ते मूळचे आमच्या गावचे, माजरीच्या कोळसा खाणीत नोकरी केली आणि निवृत्तीच्या वेळी गावाला काही द्यावं म्हणून नवा लॅपटॉप घेऊन आले. तिसरा रोशनीचा, तळहाताएवढी उघडी सर्किटची पट्टी, ती तिने वाचनालयाच्या जुन्या टीव्हीला जोडून दिली. तिन्हींची जात वेगळी. एकावर बांधलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. रोशनी प्रत्येकासाठी वेगळा बांधायची आणि कंपनीचं काम संपलं की पाळीवरून सरळ वाचनालयात यायची.

भैयाजी हे आमच्या गावचे दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, लिहिणारे. धानाची शेती करतात, आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरतात त्या दिवसांत दंडार असली की तिची गाणी, सोंगं, संवाद सगळं त्यांचं. अक्षर इतकं वाईट की गाणाऱ्यांना वाचता येत नाही. मी म्हटलं, भैयाजी, कंप्युटरवर उतरवा. ते आले. रोशनीने बसवलं, बोटं कुठं ठेवायची दाखवलं. त्यांनी घाम गाळून एक पान उतरवलं आणि मागे सरकून बघितलं. पानभर लाल नागमोडी रेघा.

"हे काय व?"

"शब्द चुकला असं त्याले वाटलं की तो रेघ मारते, भैयाजीबाबा."

"काय चुकलं? 'मले'च्या खाली काऊन? 'बांधी'च्या खाली काऊन? धान बांधीत नाई तं कुठी रोवते हा?"

"त्याले आपली बोली येत नाई."

"येत नाई तं चूप बसावं. मास्तर, सातवी शिकलो मी तुमच्या आधीच्या मास्तरच्या हाताखाली. त्यानं बी माह्या वहीत एवढा लाल नाई केला."

ते उठून गेले. धोतराचा सोगा झटकत गेले, म्हणजे खरंच रागावले होते. रोशनी त्या पानाकडे बघत बसली. रेघा बंद करून टाकणं सोपं होतं, एक खूण काढली की झालं. मी तेच सुचवलं. ती म्हणाली, "बंद केलं तं खरंखुरं चुकलेलं बी दिसनार नाई. अन त्याहिले वाटंल, आपल्यासाठी तोंड बंद केलं याचं."

तिने शोधून एक शुद्धलेखनाचा प्रोग्राम आणला. फुकटचा, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला, मराठीचे शब्द असलेला. त्यात 'शब्द शिकवा' असं एक बटण होतं. रेघ आली की ते दाबायचं, मग त्या शब्दाखाली पुन्हा रेघ येत नाही. भैयाजींची समजूत घालून तिने त्यांना परत आणलं. त्यांनी 'मले' शिकवला, 'बांधी' शिकवला, 'काऊन' शिकवला, आणि प्रत्येक वेळी रेघ नाहीशी झाली की मांडीवर थाप मारली.

पण दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर गावातलं कोणी बसलं होतं म्हणून भैयाजी टीव्हीवाल्या मशिनीवर बसले. तिथे 'मले'खाली रेघ. प्रत्येकाचे शब्द त्याच्या त्याच्या खात्यात, त्या त्या मशिनीत राहत होते. भैयाजी म्हणाले, "एका घरी ओळख झाली, शेजारच्या घरी पुन्हा नाव सांगा. हे कसं गाव आहे?"

रोशनीने मग ते जुळवलं. लॅपटॉपमध्ये एक फोल्डर केलं, बाकीच्या दोघांना वायरने त्यापर्यंत वाट दिली. कोणीही कुठेही शब्द शिकवला की तिन्ही मशिनींना तो कळायचा. शब्द म्हणजे साधी अक्षरं, मशिनीची जात कोणती का असेना, वाचता येणारच. प्रोग्राम मात्र ते सामायिक शब्द स्वतःच्याच पोटात, मूळ शब्दकोशाच्या शेजारी शोधायचा, म्हणून ते फोल्डर प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवावं लागलं. लिहिणाऱ्याने ती जागा आत पक्की करून टाकली होती, बांधताना बदलायची सोयच ठेवली नव्हती. रोशनीला ते खटकलं होतं. मला म्हणालीही होती, "इथी नाई असाले पायजे हे. पाहीन नंतर." मग कंपनीचं काम वाढलं, आणि ते राहून गेलं.

कमळाबाई या गोष्टीत आली ती भाचीला जेवायला बोलवायला म्हणून. कमळा मनसारामची मोठी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, भावाच्या शेजारीच घर, आणि मासोळ्या विकण्यात कुंताबाईची जोडीदार. जीभ धारदार, पण नागभीडच्या बाजारात गिऱ्हाइकं तिच्याच टोपलीशी थांबतात. त्या दिवशी भैयाजी दंडारीत ढिवराचं सोंग लिहीत होते, जाळ्यात एकटी दाडक मासोळी सापडते असं गाणं. कमळाबाईने मागून वाचलं.

"भैयाजीभाऊ, दाडक का जाळ्यात एकटी येते? हे कोन सांगतलं तुमाले?"

"गान्यात बसते म्हनून लिवलं."

"गान्यात वाघूर बसवा. वाघूर लिहा."

भैयाजींनी लिहिलं. लाल रेघ आली. कमळाबाईने ती रेघ बघितली, रोशनीकडे बघितलं आणि पदर खोचला. "सरका."

त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. एका बोटाने, ओठ हलवत. आधी मासोळ्या, वाघूर, बोटरी, शिंगूर. मग तलावातल्या वनस्पती, देवधान, गाद, परसूड. मग जाळ्यांचे प्रकार, गाठींची नावं, सासूच्या तोंडचे शब्द, जे आता तिच्याशिवाय कोणी बोलत नाही. तिचं बघून धान रोवणाऱ्या बाया यायला लागल्या. कोणी भाताच्या वाणांची नावं घातली, कोणी लग्नातल्या विधींची. भांडणंही झाली. कमळाबाईने एकदा भैयाजींचा एक शब्द चुकीचा म्हणून पुसून टाकला, आणि ते दोघं आठवडाभर रोशनीच्या मार्फत बोलत होते. पण वाचनालयात एवढी माणसं मी नोकरीच्या काळात शाळेतही बघितली नव्हती.

वर्ष असं गेलं. थंडीच्या दिवसांत त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. जुन्या मशिनीवर जलद चालते म्हणून रोशनीने ती बांधली आणि एका दुपारी आधी लॅपटॉपवर बसवली. नवी आवृत्ती बसताना जुनीचं अख्खं फोल्डर काढून टाकते आणि आपलं ठेवते. सगळे प्रोग्राम तसंच करतात, त्यात वावगं काही नाही. त्या फोल्डरमध्ये शब्दांचं फोल्डर होतं.

मी तिथेच वर्तमानपत्रं लावत होतो. तिचा हात थांबलेला दिसला. तिने भैयाजींचं पान उघडलं तर ते पहिल्या दिवसासारखं लालभडक होतं.

"दुसरीकडे ठेवलं असशील ना?" मी विचारलं.

"सगळ्याहिच्या खात्याची नक्कल दर महिन्याले काढतो, गुरुजी. प्रोग्रामच्या फोल्डरची नाई काढत. प्रोग्राम काय, कधी बी पुन्हा बसवता येते." तिचा आवाज बारीक होत गेला. "मले मालूम होतं ते तिथी आहे. मले मालूम होतं."

डिस्कवरून पुसलेलं परत मिळवायचे सगळे उपाय तिने केले. तुकडे मिळाले, अर्धे शब्द, बाकी कचरा. मग ती उठली आणि भैयाजींकडे गेली. मी सोबत गेलो. भैयाजी अंगणात लाखोरीच्या शेंगा झोडत होते. तिने सरळ सांगितलं की शब्द गेले, तिच्या हातून गेले. ते थोडा वेळ झोडतच राहिले.

"दंडार गेली का?"

"नाई बाबा, दंडार आहे. पुन्हा लाल झाली."

"होऊ दे लाल. गानाऱ्याले कुठी दिसते. बस, पानी पे."

कमळाबाईचं तसं झालं नाही. ती बाजारातून येत होती, टोपली डोक्यावर. रोशनीने रस्त्यातच सांगितलं. कमळाबाई उभी राहिली, सगळं ऐकलं आणि चालायला लागली. घरी जाऊन दार लावून घेतलं. नंतर कुंताबाईजवळ एवढंच म्हणाली, "माह्या सासूचे शब्द होते ते. मी मेल्यावर राहतीन म्हनून घातले होते." आणि भाचीशी बोलणं बंद. जेवायला बोलवायला यायची ती यायची थांबली. रस्त्यात भेटली तर म्हशीकडे बघायची. रोशनीने दोनदा माफी मागितली. दुसऱ्यांदा कमळाबाईने कोंबड्यांना हाकलायला सुरुवात केली, जणू समोर कोणी नाहीच.

मनसाराम कधी जास्त बोलत नाही. तो मुलीला म्हणाला, "माफी मांगून नाई होनार. कामाले जाय तिच्यासंगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला पाळीवर गेलो तर हे दृश्य. तलावावर धुकं, नावा काठाला लागलेल्या, जाळी झाडून चाललेली. कुंताबाईची टोपली घेऊन रोशनी खाली बसली आहे आणि मासोळ्या वेगळ्या करते आहे. पुण्याचं स्वेटर, कोपरापर्यंत चिखल. तिच्यापासून दोन हातांवर कमळाबाई, पाठ करून.

रोशनी कामाला लागली आणि स्वतःशीच बोलल्यासारखी नावं घेत गेली. मरळ ओळखली. शिंगूर ओळखला, काटा लागला तेव्हा. मग एक बारीक चपटी मासोळी उचलली. "बोटरी," म्हणाली आणि एका ढिगात टाकली. तशीच दुसरी उचलली. "बोटरी."

कमळाबाईची पाठ हलली.

तिसरी. "बोटरी."

"डोये फुटले का व तुहे?" कमळाबाई गर्रकन वळली. "दाडक आहे ते! ढिवराच्या पोटी जन्माले आली अन दाडकले बोटरी म्हनते! तिचं तोंड पाय. पट्टा पाय तिचा. अशी असते का बोटरी?"

"मंग बोटरी कशी असते?"

"इकडे आन." तिने ढिगातून नेमकी एक काढली आणि रोशनीच्या तळहातावर आपटली. "हे. लहानपनी लय खाल्ल्या तू. मुंडकं काढून दे म्हनून रडत होती."

एवढं बोलल्यावर आपण बोललो हे तिच्या लक्षात आलं. पण आता थांबणं तिच्याने होईना. ढिगातल्या अजून चार मासोळ्या चुकीच्या जागी पडलेल्या होत्या. ती एकेक उचलत गेली, नाव सांगत गेली, कोणती कोणत्या महिन्यात चवदार, कोणती बाळंतिणीला द्यायची, कोणती सासू कशात शिजवायची. रोशनी ऐकत होती. मी बाजूने निघून गेलो. मला आजही माहीत नाही की पोरीने दाडक खरंच ओळखली नव्हती की मुद्दाम चुकवली. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

महिनाभर ती सकाळी कमळाबाईबरोबर फिरली. कंपनीचं काम दुपारी सुरू करायची. टोपली डोक्यावर घेऊन मान आखडली, पण शब्द परत येऊ लागले. चालता चालता कमळाबाई बोलायची, आल्यावर ती स्वतःच वाचनालयात बसून घालायची. पहिल्यांदा आठवले नव्हते असेही काही आले.

मात्र रोशनीने या वेळी आधी जागा नीट केली. तिने प्रोग्रामची बांधणी उघडली आणि सामायिक, बदलत्या शब्दांची जागा वेगळी काढली. आता बांधतानाच सांगायचं: न बदलणारा शब्दकोश इथे, या एका मशिनीपुरतं जे असेल ते तिथे, आणि सगळ्यांनी मिळून बदलायचं, सगळ्या मशिनींनी वापरायचं ते तिसऱ्या ठिकाणी. नवी आवृत्ती आली, जुनी गेली, तरी त्या तिसऱ्या ठिकाणाला हात लागणार नाही. मला समजावं म्हणून तिने खोलीकडे बोट दाखवलं. कपाटातली पुस्तकं कोणी खोडत नाही. प्रत्येकाची पिशवी त्याची त्याची. आणि टेबलावरची अभिप्रायाची वही, तिच्यात कोणीही लिहितं. "मी वही कपाटात ठेवली होती, गुरुजी. कपाट बदललं, वही गेली." अशी जागा वेगळी सांगायची पद्धत तिच्या धंद्यात फार जुनी आहे म्हणे. आता फारसं कोणी वापरत नाही, कारण ज्याला त्याला स्वतःचं मशीन असतं.

तिने हा बदल प्रोग्राम सांभाळणाऱ्यांकडे पाठवला. सांभाळणारा मुख्य माणूस जबलपूरचा, कुलदीप नावाचा. त्याने नम्रपणे नाही म्हटलं. हे कोणाला लागत नाही, असं त्याचं म्हणणं. रोशनीने पुन्हा लिहिलं, आमच्याकडे लागतं. मग एका रविवारी त्याने व्हिडिओ कॉल केला. पाळीवरच्या मांडवात आम्ही सगळे जमलो, कारण रविवारी दुसरं काही नव्हतं.

कुलदीप तरुण होता, डोळ्यांखाली झोप साचलेली. हिंदीत बोलत होता. त्याची अडचण खरी होती. सगळ्यांना लिहू दिलं तर कोणीही काहीही लिहील. एकाने चुकीचा शब्द घातला की तो सगळ्यांच्या मशिनीवर बरोबर ठरेल. "आपके यहाँ ऐसा नहीं होता?"

रोशनी उत्तर देणार तोच कमळाबाई पुढे झाली. "होता ना! ये भैयाजीभाऊने डाला था गलत शब्द. मैंने पुसा. आठ दिन झगडा चला हमारा."

"गलत नहीं था," भैयाजी मागून म्हणाले.

"था."

कुलदीप हसायला लागला. "फिर क्या हुआ?"

"फिर क्या," कमळाबाई म्हणाली. "इनके मोहल्ले में वैसा बोलते, हमारे में ऐसा. दोनो रख दिये."

त्यावर रोशनी आणि तो पुष्कळ वेळ बोलले. ते आम्हाला कळलं नाही. शेवटी ठरलं ते असं: ज्यांना नको त्यांच्यासाठी सगळं पूर्वीसारखंच राहील. ज्यांना हवं त्यांनी बांधताना जागा सांगावी आणि तिथे कोण लिहू शकेल तेही सांगावं. ही दुसरी अट कुलदीपची. रोशनीने मान्य केलं की ती चांगली आहे, तिच्या मनात आली नव्हती. त्यानंतरही त्याने तीन वेळा तिच्याकडून दुरुस्त्या करून घेतल्या. एकदा ती चिडून म्हणाली, "हा मानूस भैयाजीबाबाचा नातेवाईक असंल."

नवी आवृत्ती उन्हाळ्यात आली. बसवायच्या दिवशी खोली भरली होती. रोशनीने आधी शब्दांची नक्कल काढली, ती पेनड्राइव्ह कमळाबाईच्या हातात दिली आणि मग जुनी आवृत्ती काढली. नवी बसली. कमळाबाई खुर्चीवर बसली, एका बोटाने 'वाघूर' लिहिलं आणि थांबली. रेघ आली नाही. मग तिने खालच्या ओळीत सासूचा एक शब्द लिहिला, मग अजून एक. टीव्हीवाल्या मशिनीवर जाऊन तेच केलं. ट्रॅक्टरवाल्यावर केलं. पेनड्राइव्ह तिने पदराला बांधली ती परत दिलीच नाही. रोशनीला दुसरी घ्यावी लागली. आणि त्या दुपारी बऱ्याच महिन्यांनी वाचनालयाच्या दारातून हाक आली, "चाल व, जेवाले."

कंपनीने पुढे सगळ्यांना पुण्याला परत बोलावलं. रोशनी जाईल असं सगळ्यांना वाटत होतं. ती दोन दिवस पाळीवर विचार करत बसली आणि नोकरी सोडली. आता नागपूरच्या एका लहान कंपनीचं तेच काम करते. पगार कमी झाला म्हणून मनसाराम थोडा नाराज होता. कुंताबाई नव्हती.

नव्या आवृत्तीबरोबर कुलदीपने एक टिपण टाकलं होतं, त्यात आमच्या वाचनालयाचं नाव होतं. ते वाचून जंगू वड्डे यांचा फोन आला. ते शिक्षक, हेमलकशाच्याही पुढे भामरागडच्या बाजूला एका लहान गावात. शाळेत दोन जुने कंप्युटर होते. मुलं आपल्या माडिया भाषेत लिहायला बघायची, तर सगळंच लाल. दुपारी मोठी माणसंही शिकायला यायची. येता येईल का, त्यांनी विचारलं.

रोशनी निघाली. मी आणि कमळाबाईही निघालो. मी सोबत म्हणून, आणि कमळाबाई कोणी बोलावलं नसताना. आलापल्लीपर्यंत ती बसवाल्याशी भांडली, पुढे जंगल दाट झालं तेव्हा गप्प झाली, मग झोपली.

जंगूसरांची शाळा दोन खोल्यांची, समोर मोहाचं मोठं झाड. रोशनीने दोन्ही मशिनी वायरने जोडल्या आणि त्यांवर प्रोग्राम बांधला. बांधताना शब्दांची जागा कोणती द्यायची ते जंगूसरांनाच लिहायला लावलं. "मी गेल्यावर तुमाले मालूम पायजे, सर, कुठी आहे ते." त्यांनी लिहिलं, चुकलं, पुन्हा लिहिलं.

दुपारी शिकायला आलेल्यांत एक म्हातारी होती. नाव मासे पुंगाटी. जंगूसर म्हणाले, हिला फक्त स्वतःचं नाव लिहिता येतं, तेवढंच लिहायला ती रोज येते. आजीने हळूहळू दोन्ही शब्द उमटवले. 'पुंगाटी'खाली लाल रेघ आली. 'मासे' तसंच राहिलं.

"ते काऊन नाई आलं?" मी विचारलं.

"मासे तं मराठीत आहेच न, गुरुजी," रोशनी म्हणाली. "त्याले वाटलं मासोळ्या."

कमळाबाई इतकी खूश झाली की उठून आजीजवळ जाऊन बसली. "बाई, मी जलमभर तुमचंच नाव ओरडत बाजार केला," ती म्हणाली. जंगूसरांनी ते माडियात सांगितलं. आजी तोंडावर हात घेऊन हसली आणि काहीतरी बोलली. सर म्हणाले, ती विचारते आहे, मग माझा भाव काय होता?

रोशनीने आजीचं बोट धरून बटणापर्यंत नेलं आणि सोडून दिलं. दाबलं आजीनेच. रेघ गेली. आजीने पडद्याला हात लावून बघितला, मग शेजारच्या मशिनीकडे बोट करून जंगूसरांना काही विचारलं. भाषा कळत नव्हती तरी रोशनीला प्रश्न कळला असावा. ती उठली, दुसऱ्या मशिनीसमोरची खुर्ची ओढली आणि आजीला तिथे बसवलं. आजी पुन्हा पहिल्यापासून अक्षरं शोधू लागली. तिला वेळ लागणार होता. जंगूसरांनी चहा ठेवायला सांगितला.